भोरच्या दुकानात हिवाळी टायर का मिळत नाही?

भोर परिसरातल्या टायरच्या दुकानात एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन ही नावे आपल्याला वाचायला मिळतात. दुकानदाराकडे 'हिवाळी टायर द्या' असे म्हटले तर तो बहुधा हसेल. याच भागातून शिकून कॅनडात नोकरीला गेलेल्या मुलाला मात्र पहिल्याच नोव्हेंबरात हा प्रश्न गंभीरपणे सोडवावा लागतो. तेथे हिवाळी टायरच्या डझनावारी जाती मिळतात, आणि त्यांच्या तुलनेचे तक्ते मासिकांतून दरवर्षी छापून येतात.

अशा मुलाने सुट्टीत घरी येऊन आपल्या बर्फातल्या टायरचे कौतुक सांगितले की शाळेतली चौकस मुले एक प्रश्न हमखास विचारतात : जो टायर बर्फावर घट्ट पकड घेतो, तो आपल्या वरंधा घाटातल्या पावसात तर आणखी चांगला चालेल ना? मग तो इकडे का आणत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. भाटघर धरणाच्या पाण्याकडेची गावे, वेल्ह्याकडून येणारे रस्ते, आंबाडखिंड आणि वरंधा हे घाट येथे पावसाळ्यात वाहन घसरणे ही नवलाची गोष्ट नाही. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, वडापची जीप, शाळेच्या मुलांची गाडी ही सर्व वाहने त्याच ओल्या डांबरावरून जातात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर 'थंडी नाही म्हणून' असे एका वाक्यात न देता थोडे खोलात जाऊन पाहू या.

तळहाताएवढी जागा

मोटारगाडी रस्त्याला किती जागेवर टेकलेली असते? हे वर्गात गणिताने काढता येते. गाडीचे वजन १००० किलोग्रॅम धरू. प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलोग्रॅमचा भार, म्हणजे अंदाजे २४५० न्यूटन बल येते. टायरमधील हवेचा दाब ३२ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल असतो. बलाला दाबाने भागले की क्षेत्रफळ मिळते. ते येते सुमारे १११ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण मोठ्या माणसाच्या तळहातापेक्षा ही जागा फारशी वेगळी नाही.

ब्रेक लावणे, वळण घेणे, चढ चढणे ही सारी कामे अशा चार तळहातांवर चालतात. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवते ते रबर आणि रस्ता यांच्यामधील घर्षण. तेव्हा टायरच्या कंपन्यांची तुलना करायची म्हणजे मुळात या जागेतील रबर कसे वागते याची तुलना करायची.

रबर रस्त्याला कसे धरते?

आपल्या पाठ्यपुस्तकातील घर्षण लाकडी ठोकळ्याचे असते. रबराचे घर्षण त्याहून वेगळे आहे, आणि ते दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबराचे लांबलचक रेणू रस्त्यावरील खडीला अगदी जवळून भिडतात आणि क्षणभर धरून ठेवतात. दुसरा प्रकार खडीच्या उंचवट्यांवर दबण्याचा. मऊ रबर उंचवट्यावर दबते आणि पुढे सरकल्यावर मूळ आकाराला येते. दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने जातो. ही वाया गेलेली ऊर्जा म्हणजेच गाडीच्या गतीची घट.

रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पडदा येतो आणि पहिला प्रकार दुबळा होतो. मग दुसऱ्यावरच भिस्त राहते. ओल्या रस्त्यासाठी रबर असे हवे की जे खडीवर सहज दबेल, पण उसळी मारून ऊर्जा परत देणार नाही.

येथे तापमान येते. रबर हे बहुवारिक आहे. त्याचे रेणू साखळ्यांसारखे असून नेहमीच्या तापमानाला त्या साखळ्या वळवळत असतात. तापमान उतरत गेले की ही वळवळ मंदावते, आणि एका ठरावीक टप्प्याखाली रबर काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबरासाठी हे तापमान सुमारे उणे ७० अंश सेल्सिअस आहे. टायरमध्ये खूप वापरल्या जाणाऱ्या स्टायरीन-ब्युटाडाईन रबरासाठी ते त्याच्या घटनेनुसार उणे ५० अंशांच्या आसपास किंवा वर असते, तर पॉलिब्युटाडाईनसाठी उणे १०० अंशांच्या जवळ.

मग शून्याच्या आसपास तापमान असताना टायर कडक का व्हावा? याचे उत्तर मोठे सुंदर आहे. रबर किती कडक वाटते हे तापमानाइतकेच त्याला किती झपाट्याने दाबले जाते यावरही अवलंबून असते. ब्रेक लावताना रबर समजा सेकंदाला १ मीटर या गतीने घसरले आणि खडीचा खरखरीतपणा ०.१ मिलिमीटर असला, तर रबराला सेकंदाला १० हजार दाब बसतात. खरखरीतपणा १ मायक्रोमीटर असला तर १० लाख. साखळ्यांना इतक्या घाईने वळवळायला सवड मिळत नाही. दाबण्याची वारंवारता दहापट वाढली की रबराच्या दृष्टीने तापमान ढोबळमानाने ५ ते ८ अंशांनी उतरल्यासारखे होते. वारंवारता आणि तापमान यांचे हे नाते विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तीन शास्त्रज्ञांनी १९५५ साली समीकरणात मांडले. १० लाख दाबांचा अर्थ सहा वेळा दहापट. म्हणजे तापमान तीस-चाळीस अंशांनी खाली गेल्यासारखे. उन्हाळ्यासाठी केलेला टायर शून्याजवळच कडक का होतो हे आता उलगडते.

कडक झालेले रबर वेळेत आपला आकार घेऊ शकत नाही, याचे एक दुःखद उदाहरण शिक्षकांना माहीत असेल. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळले. त्या सकाळी गारठा होता आणि सांध्यातील रबरी कडी पुरेशा वेगाने फुगून फट बुजवू शकली नाही. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या बैठकीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि हे सर्वांना दाखवून दिले.

हिवाळी टायरमध्ये वेगळे काय असते?

पहिला फरक रबरात असतो. अधिक खालच्या तापमानापर्यंत मऊ राहणाऱ्या रबरांचे प्रमाण त्यात जास्त असते, आणि काजळीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी बारीक सिलिका मिसळतात. १९९२ साली मिशेलिन कंपनीने सिलिकायुक्त टायर बाजारात आणला. ओल्या रस्त्यावरची पकड न घटवता इंधन वाचवणे हा त्यातला मोठा लाभ होता. आज चांगल्या टायरमध्ये सिलिका सर्रास असते.

दुसरा फरक नक्षीत. हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. ठोकळा रस्त्याला टेकला की चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा हिमात रुततात. मोठ्या खाचांत हिम भरून दबते, आणि हिमावर हिम चांगले धरते हा गुणही कामी येतो.

भुसभुशीत हिम आणि गुळगुळीत बर्फ यांत मात्र फरक करायला हवा. बर्फावर रुतायला काही नसते, शिवाय वर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. त्यावर दोन उपाय निघाले. एक, टायरमध्ये धातूचे छोटे खिळे बसवणे. दुसरा, रबरातच सूक्ष्म छिद्रे ठेवून तो पाण्याचा थर टिपून घेणे. ब्रिजस्टोनचा १९८८ सालचा ब्लिझॅक हा या दुसऱ्या वाटेचा प्रसिद्ध टायर.

हिवाळी टायरची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. १९३४ साली फिनलंडमधील रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाने, मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला. १९३६ साली मोटारगाड्यांसाठी 'हक्कापेलीटा' आला. हे नाव आजही चालू आहे.

कंपन्यांची तुलना कशी करायची?

'कोणती कंपनी चांगली' हा प्रश्न येथे थोडा फसवा ठरतो, कारण एकच कंपनी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळे हिवाळी टायर विकते. मध्य युरोपात हिवाळा म्हणजे बहुतेक दिवस ओला, थंड महामार्ग आणि अधूनमधून हिम. तेथे मिशेलिनचा 'अल्पिन' किंवा कॉन्टिनेन्टलचा 'विंटरकॉन्टॅक्ट' चालतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि कॅनडात महिनोन्महिने बर्फ. तेथे मिशेलिनचा 'एक्स-आइस', कॉन्टिनेन्टलचा 'व्हायकिंगकॉन्टॅक्ट', नोकियनचा 'हक्कापेलीटा' असे अधिक मऊ टायर घेतात. मऊ उत्तरी टायर मध्य युरोपातील ओल्या महामार्गावर नेला तर ब्रेकचे अंतर वाढते; मध्य युरोपातला टायर निखळ बर्फावर नेला तर तो घसरतो. पहिला क्रमांक देण्यापूर्वी 'कोणत्या रस्त्यावर' असे विचारावे लागते.

ही देवाणघेवाण नियमांतही दिसते. युरोपातील मानकानुसार मोटारगाडीच्या सामान्य टायरची ओल्या रस्त्यावरची पकड एका प्रमाण टायरच्या किमान १.१ पट असावी लागते. १६० किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या, कडक हिमासाठी बनवलेल्या टायरला मात्र ०.९ पट पुरते. हिमात जे मिळवले त्याची किंमत ओल्या रस्त्यावर मोजावी लागते, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले आहे. आपल्या मुलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ग्राहकासाठी टायरच्या बाजूवर खुणा असतात. 'एम' आणि 'एस', म्हणजे चिखल आणि हिम, ही जुनी खूण केवळ नक्षीवरून कंपनी स्वतः लावू शकते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण प्रत्यक्ष हिमावरील चाचणीनंतरच मिळते. अमेरिकेच्या पद्धतीत प्रमाण टायरची पकड १०० धरली तर या टायरची ११० तरी भरावी लागते. युरोपात २०२१ च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या लेबलवर इंधन, ओली पकड आणि आवाज यांच्या जोडीला हिम आणि बर्फ यांची स्वतंत्र चित्रे आली.

याशिवाय जर्मनीची आडाक ही वाहनधारकांची संघटना आणि उत्तर युरोपातील मोटार मासिके दरवर्षी टायरच्या चाचण्या घेतात. अशा चाचण्यांवर किती विसंबावे? २०१६ च्या फेब्रुवारीत नोकियनने मान्य केले की मासिकांच्या चाचण्यांसाठी पूर्वी दिलेले काही टायर दुकानात विकल्या जाणाऱ्या टायरसारखे नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी हा नमुना निवडण्याचा उत्तम धडा आहे. ज्याची परीक्षा घ्यायची त्याने स्वतःच नमुना निवडून दिला, तर मोजमाप कितीही काटेकोर असले तरी निष्कर्ष डळमळीत राहतो. म्हणून दुकानातून, नाव न सांगता, पैसे देऊन घेतलेल्या टायरची चाचणी अधिक विश्वासार्ह.

कोठे मिळतो आणि का मिळतो?

एखादी वस्तू बाजारात असणे हे हवामानाइतकेच कायद्यावर आणि कारखान्यांवर ठरते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ सालापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. आता ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. शेजारच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्यांना सवलत द्यावी लागते. एकाच देशात दोन प्रांत, दोन वाटा. टोरांटो आणि मॉन्ट्रियल येथील मराठी कुटुंबांना हा फरक अनुभवाने ठाऊक असतो. जर्मनीत २०१० पासून, रस्त्यावर हिम किंवा बर्फ असेल तेव्हा योग्य टायर असणे बंधनकारक आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी केवळ डोंगर-हिमकणाची खूण चालते.

जपानची कथा तर अधिकच बोलकी आहे. तेथे खिळ्यांचे टायर लोकप्रिय होते. बर्फ नसलेल्या डांबरावर ते खिळे रस्ता खरवडत आणि त्याची धूळ शहरांच्या हवेत मिसळे. लोकांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९० साली खिळ्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यामुळे बिनखिळ्यांच्या, छिद्रमय रबराच्या टायरांना मोठी बाजारपेठ मिळाली. रसायनशास्त्राला येथे कायद्याने ढकलले असे म्हणता येईल.

राजकारणानेही दुकानातील फळी बदलते. नोकियनचे मोटारगाड्यांचे बहुतेक टायर रशियातील कारखान्यात होत असत. युक्रेनवरील आक्रमणानंतर तो कारखाना २०२३ साली विकला गेला. त्यानंतर कंपनीने रुमानियात नवा कारखाना उभारला आणि २०२४ साली तेथे उत्पादन सुरू केले.

आता भारत. आपल्याकडे टायरला २००९ सालच्या आदेशाने भारतीय मानक चिन्ह आवश्यक झाले आणि जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत गेली. परदेशातून चार टायर सहज मागवावेत अशी स्थिती त्यामुळे राहिली नाही. काश्मीर, लडाख, हिमाचल येथे हिम पडते, पण देशाच्या एकूण गाड्यांत त्यांचा वाटा लहान. तेथे चाकांना साखळ्या बांधण्याची पद्धत रूढ आहे. भारतीय कंपन्यांना हिवाळी टायर करता येत नाहीत असे मात्र समजू नये. अपोलोने २००९ साली नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली. तिचे 'विन्ट्रॅक' टायर युरोपात चालतात. भांडुप, नाशिक आणि नागपूर येथे कारखाने असलेली सिएट युरोपच्या बाजारासाठी 'विंटरड्राइव्ह' नावाचा टायर विकते. ज्ञान आहे, गिऱ्हाईक दूर आहे, एवढेच.

भाटघरचा हिवाळा आणि भाटघरचा पावसाळा

थंडीसाठीचे टायर कधी घालावेत यासाठी युरोपात ७ अंश सेल्सिअस हा ठोकताळा सांगतात. निसर्गाचा तो काही नियम नाही, सोयीचा अंदाज आहे. पुण्याचे आजवरचे नोंदलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ रोजी. आपल्याकडे एखाद्या पहाटे ७ अंशांखाली पारा गेला तरी दुपारी तो पंचविशीच्या वर असतो, आणि एप्रिलमधील डांबर हात ठेवता येणार नाही इतके तापते. अशा रस्त्यावर मऊ हिवाळी रबर लवकर झिजते, चिरांमुळे ठोकळे डुलतात आणि कोरड्या रस्त्यावरही थांबण्याचे अंतर वाढते.

आपला खरा कठीण ऋतू पावसाळा आहे. त्यातील दोन धोके वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला धोका साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा. १८ सेंटिमीटर रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर त्याला दर सेकंदाला सुमारे ९ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे काम खाचा करतात. खाचा झिजलेल्या असल्या आणि वेग वाढला, तर पाण्याचा दाब टायरला उचलतो. १९६३ साली नासातील हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून एक सोपे सूत्र दिले : तरंगण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये, हा हवेच्या किलोपास्कलमधील दाबाच्या वर्गमुळाच्या ६.३५ पट असतो. २२० किलोपास्कलला तो येतो ९४. हवा २० पौंडांवर, म्हणजे सुमारे १३८ किलोपास्कलवर उतरली की तो ७५ वर येतो. कमी हवेचा गोटा टायर घेऊन महामार्गावरील पाण्यात शिरणे किती घातक, हे यावरून कळते. कापूरहोळहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी हा धोका खरा आहे.

घाटात मात्र वेग तीस-चाळीसच असतो. तेथे टायर तरंगत नाही, तरीही गाडी घसरते. कारण तेथे दुसरा धोका असतो, पातळ थराचा. दरडीतून वाहून आलेली लाल-पिवळी माती, सांडलेले डिझेल, सावलीतले शेवाळ यांचा पाण्याशी मिळून साबणासारखा लेप होतो. रबर खडीपर्यंत पोहोचतच नाही. किती फरक पडतो ते पाहा. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असताना चाके पूर्ण ताकदीने रोखली, तर थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन, घर्षणांक आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. उतार असेल तर घर्षणांकातून उतार वजा करावा. उदाहरणादाखल १५ स १ उतार घेऊ. घर्षणांक नेहमीचे ढोबळ घेतले आहेत.

कोरडे डांबर, घर्षणांक ०.८ : सपाटीवर ८ मीटर, उतारावर ९ मीटर.
स्वच्छ ओले डांबर, ०.५ : सपाटीवर १३ मीटर, उतारावर साडेचौदा मीटर.
चिखलाचा लेप, ०.३ : सपाटीवर २१ मीटर, उतारावर २७ मीटर.
बर्फ, ०.१ : सपाटीवर ६३ मीटर, उतारावर सुमारे १९० मीटर.

चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत जाणारा सेकंद यात धरलेला नाही. ४० च्या वेगात तो आणखी ११ मीटर खातो.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. बर्फाच्या देशांत घर्षणांक ०.१ वरून ०.१५ झाला तरी सपाटीवरचे अंतर ६३ वरून ४२ मीटरवर येते. म्हणून तेथे महागडा हिवाळी टायर परवडतो. आपल्या घाटात मात्र चिखलाच्या लेपावर टायरच्या नावाने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो वेगाने. वेग ४० वरून २० केला की २७ मीटरचे अंतर चौथ्या हिश्शावर, सुमारे ७ मीटरवर येते. कोणत्याही कंपनीचा टायर एवढी सुधारणा देऊ शकत नाही. शिवाय घाटातली दरड कोणत्याच टायरला जुमानत नाही. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत वरंधा घाट वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला, तो त्यामुळेच.

आपण काय पाहावे?

टायर घेताना कंपनीच्या नावापेक्षा ओल्या रस्त्यावरची पकड विचारावी. जून २०२२ च्या अधिसूचनेने भारतातही टायरसाठी लोळण-रोध, ओली पकड आणि आवाज यांची मानके लागू करण्याचे ठरले. इंधन वाचवणारा टायर आणि ओले धरणारा टायर हे नेहमी एकच नसतात, हे वरच्या विवेचनावरून ध्यानात येईल.

हातातल्या टायरची खोली मोजावी. मोटारगाडीचा नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोल असतो. आपल्या मोटार वाहन नियमांत किमान खोली मोटारीसाठी १.६ मिलिमीटर आणि दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आहे. ही मर्यादा संपण्याची खूण आहे. पावसाळ्याला सामोरे जाताना त्याहून बरीच जास्त खोली असलेली बरी. बाजूवरील चार अंकही वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात केलेला टायर. वापर कमी असला तरी ऊन आणि ओझोन यांनी रबर म्हातारे होते.

वर्गात करण्यासारखे तीन प्रयोग

१. फळीवर चपलेचा तुकडा ठेवून त्यावर वजन ठेवा. फळी हळूहळू उचला. घसरू लागते त्या कोनाचा स्पर्शज्या म्हणजे घर्षणांक. फळी कोरडी, ओली आणि ओल्या मातीने सारवलेली अशी तीनदा घ्या. तिसऱ्या वेळी मुलांना घाट आठवेल.

२. एकसारखे दोन रबरी चेंडू घ्या. एक मीठ घातलेल्या बर्फात अर्धा तास ठेवा, दुसरा कोमट पाण्यात. एकाच उंचीवरून टाका. थंड चेंडू कमी उसळतो. न परतलेली ऊर्जा कोठे गेली, यावर चर्चा करा.

३. प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरच्या मागची पातळ पट्टी खोली मोजण्यासाठीच असते. चालकाची परवानगी घेऊन शाळेसमोर उभ्या असलेल्या जीपच्या आणि शिक्षकांच्या दुचाकींच्या टायरची खोली मोजा. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी. आकड्यांचा तक्ता जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लावा.

तिसऱ्या प्रयोगासाठी हिवाळी टायर लागत नाही, आयात परवाना लागत नाही. घरातील कोणाच्या मोटारसायकलचा टायर ०.८ मिलिमीटरवर आला आहे हे त्या घरातील मुलाने स्वतः मोजून सांगितले, तर तो टायर पावसाआधी बदलला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.